देवकाबाईचं सूप

देवकाबाईचे हात मी पहिल्यांदा नीट पाहिले ते हाडांसकट. एका दिवसाच्या पोराच्या छातीचा फोटो होता. दोन्ही बाजूंनी, काखेखालून, तिची बोटं फिल्मवर आली होती. डाव्या करंगळीत पितळेचं वेढं. मी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली तेव्हा गुणवंतराव डॉक्टर म्हणाले, "मनसाराम, कडा कापून टाक. ही बोटं घाण दिसतात." मी कात्री घेतली आणि कापली. पुढे पाच-सहा वर्षं कापत राहिलो. आज त्या कात्रीची आठवण आली तरी मला स्वतःची शिसारी येते, आणि हे लिहिताना ती लपवायची माझी इच्छा नाही.

चांदा जिल्ह्यात, कुरखेड्याच्या वाटेवर, एका मोठ्या तलावाच्या काठी आमचा दवाखाना होता. कुठल्याशा धर्मादाय मंडळींनी बांधलेला. त्यांचं नाव सांगत नाही. त्यांतले बहुतेक तिकडे कधी फिरकलेही नाहीत. बारा खाटा, एक बाळंतखोली आणि बावन्न साली बैलगाडीतून आलेलं एक्स-रेचं यंत्र. वीज नव्हती. मागच्या पडवीत डिझेलचं इंजिन होतं. ते धडधडायला लागलं की सगळ्या खाटांना कळायचं की कुणाचा तरी फोटो निघतोय. मी तिथला कंपाउंडर. नागपूरला तीन महिने शिकून आलो आणि एक्स-रेवालाही झालो.

देवकाबाई ढिवराची. नवरा डोमा तलावात जाळं टाकायचा आणि ही सकाळी डोक्यावर टोपलं घेऊन चार गावं मासळी विकत फिरायची. फिरता फिरता बाळंतपणंही करायची. एका अडलेल्या बाईला ती खाटेवर घालून आमच्याकडे घेऊन आली, डॉक्टरांना बाजूला सारून अर्धं काम तिनंच केलं, तेव्हा डॉक्टरांनी तिला आया म्हणून ठेवून घेतलं. पहिल्याच दिवशी ती एक्स-रेच्या खोलीत शिरली आणि नाकाला पदर लावून म्हणाली, "इथी असा सडका वास काऊन येऊन राह्यला? मानूस मेला का आत?" फिल्म धुवायच्या हायपोचा वास होता तो. जन्मभर सुकी मासळी वाहिलेल्या बाईनं नाक मुरडावं याचं मला फार हसू आलं होतं.

आता तिला त्या खोलीत का न्यावं लागलं ते सांगतो. जन्मलेल्या पोराचा श्वास भरभर चालतोय, ओठ निळे पडतायत, तर छातीत काय आहे हे बघायला फोटो लागतो. त्यात काही चूक नाही. पण आमचं यंत्र अशक्त. मोठ्या दवाखान्यात जे डोळ्याची पापणी लवेपर्यंत होतं, त्याला आमच्याकडे अर्धा सेकंद, कधी त्याहून जास्त लागायचं. तेवढ्यात पोरानं पाय झाडला की सगळं पुसट. मग पुन्हा काढा. म्हणून कुणीतरी पोराला घट्ट धरायचं. ते काम देवकाबाईकडे आलं.

आणि तिच्यासारखं धरणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. ती दाबायची नाही. दोन्ही तळवे पोराच्या काखेत घालून, त्याचे हात वर कानांशी नेऊन, कोपरानं पाय आवरून धरायची, की पोर रडायचंही विसरायचं. फोटो घ्यायचा तो श्वास पूर्ण आत भरलेला असताना. ते मला कधीच जमलं नाही. ती पोराच्या पोटाकडे बघत राहायची आणि हळूच म्हणायची, "हां." मी बटण दाबायचो. तिचा "हां" कधी चुकला नाही. मी शिशाच्या आडोशामागे उभा, आडोशाला बघायला काचेची खिडकी. ती बाहेर, उघड्या हातांनी.

शिशाचे हातमोजे होते. यंत्राबरोबर खोक्यात आलेले, एकच जोडी. पण ते इतके जाड की त्यात नवजात पोर धरणं म्हणजे गोधडी गुंडाळून सुईत दोरा ओवणं. शिवाय मोज्याची सावली फोटोवर पडली की फोटो गेला. म्हणून ते मोजे डॉक्टर वापरायचे. डॉक्टर अंधार करून, यंत्र चालूच ठेवून, चमकणाऱ्या पडद्यावर पोराची छाती आधी मिनिट-मिनिटभर न्याहाळायचे. अंगात शिशाचा एप्रन, हातात मोजे. समोर देवकाबाई लुगड्यात, पोर धरून. "जरा डावीकडे. आणखी. थांब अशीच." ती थांबायची.

इथवर अडाणीपणा म्हणून सोडून देता आलं असतं. पुढचं नाही.

गुणवंतरावांना नागपूरच्या डॉक्टरांच्या सभेत नवजात पोरांच्या छातीचे शंभर फोटो मांडायचे होते. जंगलातल्या दवाखान्यात, इंजिनावर काढलेले, आणि मोठ्या दवाखान्यांना लाजवतील असे. मग आजारी पोरं पुरेनात. "निरोगी छाती कशी दिसते तेही दाखवायला हवं," म्हणाले. भामरागडकडून तीन दिवस चालत आलेल्या बाईचं धडधाकट पोर, अजून तिच्या अंगावर प्यायलं नाही, तोवर आमच्या टेबलावर. नातेवाईक खुशीत. साहेबानं आपल्या लेकराचा फोटो काढला हे गावात जाऊन सांगायचे. कुणाला वाटायचं या बिजलीनं पोर बळकट होतं, लटारू नावाचा एक बाप तर निरोगी पोराला घेऊन दुसऱ्यांदा आला आणि म्हणाला, "साहेब, एकडाव अजून मारून द्या." साहेबांनी दिला. बटण मीच दाबलं.

त्यात ती चकती. यंत्राच्या नळीच्या तोंडाशी अॅल्युमिनियमची एक पातळ चकती बसवलेली असते. किरणांतले जे दुबळे किरण असतात ते फिल्मपर्यंत पोचतच नाहीत, कातडीतच जिरतात आणि कातडी जाळतात. चकती त्यांना वाटेतच अडवते. पण तिच्यामुळे फोटो थोडा फिका येतो असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. त्रेपन्नच्या उन्हाळ्यात एके दिवशी ते म्हणाले, "चकती काढ, मनसाराम. मला काळं ते काळं आणि पांढरं ते पांढरं हवं." यंत्राच्या पुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलं होतं की चकती काढू नये. मी ते पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी वाचलं, पान उलटलं आणि म्हणाले, "पुस्तक लिहिणाऱ्यांना आमचं इंजिन दाखवा." मी पेचकसानं चकती काढली आणि खोकल्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्यात टाकली. फोटो खरंच झळझळीत आले. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली आणि मला बरंही वाटलं. त्या बरं वाटण्याची मला जेवढी किळस येते तेवढी दुसऱ्या कशाची येत नाही.

पंचावन्नच्या सुमाराला देवकाबाईच्या नखांवर उभ्या रेघा आल्या. मग नखं चिरायला लागली. बोटांची कातडी कोरडी, तांबूस, वर तपकिरी ठिपके. तिला वाटलं माझ्या हायपोच्या पाण्यानं झालं, कारण फिल्मचं तबक तीच धुवायची. "तुयाच पान्यानं माये हात खाल्ले रे मनसाराम," ती म्हणायची, आणि करंजीचं तेल चोळत बसायची. मी म्हणायचो, "असंल बाई, नका धुवत जाऊ." तबक मी धुवायला लागलो. मोठा उपकार केल्यासारखा.

तिला हात कशाला हवे होते हे दवाखान्यात सगळ्यांना माहीत होतं. पोर धरणं ही तिला बेगार वाटायची. तिचं खरं काम मालिश. बाळंतखोलीत दुपारी पाय लांब करून बसायची, पोराला पायांवर घ्यायची आणि तेल जिरवायची. सुगंधाबाई नावाची आमची नर्स मिशनमध्ये शिकलेली, कडक. तीही दारात उभी राहून बघायची. देवकाबाई म्हणायची की हाताला पोराचं अंग कळलं पाहिजे, कुठं आखडलं, कुठं सैल पडलं. बोटांचं कातडं फुटायला लागल्यावर ती फक्त तळव्यांनी चोळायला लागली. मग तळवेही खरखरीत झाले. पोरं रडायची. एक बाळंतीण तोंडावर म्हणाली, "मावशी, तू नको लावू तेल, लेकराले टोचते." देवकाबाईनं तेलाची वाटी खाली ठेवली.

एकदा एका पोराच्या पाठीवर रक्त दिसलं. ती किंचाळली, पोर उलटं-पालटं करून बघितलं. पोराला काही झालं नव्हतं. रक्त तिच्या बोटाचं होतं.

तेव्हा मी सांगितलं. तिला एक्स-रेच्या खोलीत नेलं, डबा उघडला, चकती दाखवली, पुस्तकातलं पान वाचून दाखवलं. ती सगळं ऐकून घेत होती. मग विचारलं, "कवापासून मालूम हाये तुले?"

"चकती काढली तवापासून."

"आन मी पान्याले दोष देत होती तं तू हो म्हनत होतास."

ती खिडकीशी गेली आणि बाहेर थुंकली. "मासोळी सडली तं मी तलावात फेकतो," ती म्हणाली, "तुले कुठी फेकू सांग."

तिसऱ्या दिवशी ती काखेत सूप घेऊन आली. आमच्याकडे पोर जन्मलं की पहिल्यांदा सुपात ठेवतात, खाली मूठभर तांदूळ टाकून. त्यात पोर गप पडतं हे तिनं शेकडो वेळा पाहिलेलं. तिनं जुन्या लुगड्याच्या मऊ पट्ट्या फाडल्या होत्या. पोराला आईकडून पाजून घेतलं, सुपात निजवलं, हात वर करून कानांशी बांधले, गुडघ्यांवरून एक पट्टी, कमरेवरून एक. पोर झोपलं. सूप आम्ही तसंच फिल्म घातलेल्या कॅसेटवर ठेवलं. पहिला फोटो फसला. ते सूप घरचं, शेण-मातीनं सारवलेलं, आणि छातीभर मातीचे डाग आले. देवकाबाई त्याच दिवशी बुरडाकडे गेली आणि कोरं, न सारवलेलं सूप घेऊन आली.

दुसऱ्यांदा मी आडोशामागे उभा राहिलो तेव्हा ती माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. पहिल्यांदाच. काचेतून पोराच्या पोटाकडे बघत होती. "हां," म्हणाली. मी बटण दाबलं.

फोटो आला. फासळ्या साफ, हृदय जागेवर, फुप्फुसाचा कोपरान् कोपरा दिसत होता. फक्त सगळ्या फोटोवरून बांबूच्या कामट्यांच्या अंधुक रेघा गेल्या होत्या, वहीच्या पानावर असतात तशा. आम्ही आठ पोरं सुपात घेतली. एकाचाही फोटो दुसऱ्यांदा काढावा लागला नाही. एकाही फोटोत बोट नव्हतं. चकती मात्र मी परत बसवली नाही. फिकेपणा डॉक्टरांच्या लक्षात येईल म्हणून घाबरलो.

डॉक्टर तेव्हा पंधरा दिवस नागपूरला होते. आल्यावर त्यांनी आठही फोटो पेटीवर लावले. बराच वेळ बघितले.

"हे काय आहे?"

"सूप हाये साहेब," देवकाबाई म्हणाली. "लेकरू हालत नाई त्याच्यात."

"माझ्या संग्रहात मी टोपल्या दाखवू?"

"पन छातीत का झालं ते दिसते न?"

"दिसतं. पण स्वच्छ नाही. हे असलं नागपूरला मांडलं तर लोक हसतील." त्यांनी दोन बोटांनी सूप उचललं, मेलेला उंदीर उचलावा तसं, आणि दाराबाहेर ठेवलं. "उद्यापासून पूर्वीसारखं."

मी म्हणालो, "साहेब, बाईचे हात..." ते म्हणाले, "मासळीवाल्या बाईचे हात असेच असतात, मनसाराम." आणि कोट काढून खुंटीला लावला.

देवकाबाईनं साफ सांगितलं, मी धरणार नाही. डॉक्टर चिडले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईलाच आत बोलावलं. कमळा नावाची पोरसवदा बाळंतीण, आदल्या दिवशी मोकळी झालेली, भिंत धरून आली. तिला धरता येईना, पोर हलायचं, फोटो पुसट यायचा. एकदा, दोनदा, तीनदा. तीच छाती, तेच कोवळं पोर, आणि नळीला चकती नाही. चौथ्यांदा मी कॅसेट लावत होतो तेव्हा देवकाबाई दारातून आत आली. "सरक वो पोरी," म्हणाली आणि पोर आपल्या हातात घेतलं. मग डॉक्टरांकडे न बघता म्हणाली, "बाळंतिनीले उभं करते हा मानूस. थुः."

आणि ती पुन्हा धरायला लागली. का धरते म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "माये हात त गेलेच हायेत. आता त्या पोरीयचे घालवू का?" मी सुपाला धूळ बसू नये म्हणून ते दाराआड टांगून ठेवलं. माझं शौर्य एवढंच.

अठ्ठावन्नच्या पावसाळ्यात तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांवर जखम झाली ती भरेना. आतून कडक, वरून ओली. वास यायचा. ती स्वतःच तोंड फिरवून पट्टी बदलायची. सुगंधाबाई तिला घेऊन नागपूरला गेली आणि तिथं ती दोन बोटं मुळापासून काढली. बरोबर आमच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. चिठ्ठी मीच पाकिटात घातली, म्हणून मला माहीत आहे. लिहिलं होतं: माशाचा काटा लागून चिघळलेली जुनी जखम.

त्याच हिवाळ्यात शंभर फोटो नागपूरच्या सभेत लागले. वाहवा झाली. डॉक्टरांनी आलेलं कौतुकाचं पत्र आम्हा सगळ्यांना बाळंतखोलीत उभं करून वाचून दाखवलं. जंगलातही किती स्वच्छ काम होऊ शकतं, असं त्यात होतं. देवकाबाई कोपऱ्यात उभी होती, हात पदराखाली. पत्र संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दोन महिन्यांनी डॉक्टर नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात गेले आणि फोटोंचा संग्रह बरोबर घेऊन गेले.

एकोणसाठच्या फेब्रुवारीत देवकाबाईची मुलगी कुंता आमच्याकडे बाळंत झाली. मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीच्या नाकपुड्या फुलायला लागल्या आणि बरगड्यांखाली खड्डे पडायला लागले. ते बघून देवकाबाई घाईनं घरी जाऊन आली. नवे डॉक्टर अबोल, तरुण, त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि म्हणाले, "एका बाजूला शंका आहे. फोटो हवा." मग ते माझ्याकडे बघायला लागले, कारण धरणार कोण हा प्रश्न होता.

देवकाबाई नातीला घेऊन एक्स-रेच्या खोलीत आली. मागे इंजिन सुरू झालं होतं. तिनं पोर टेबलावर ठेवली, आपला तीन बोटांचा हात एकदा बघितला आणि म्हणाली, "माया हातात आता तेवढी पकड नाई. आज तू धर, मनसाराम."

मी पुढे झालो. हात लांब केले. पोरीच्या काखेपर्यंत नेले. आणि माझे हात मागे आले. मी आणले नाहीत, आले. सहा वर्षं ज्या नळीखाली मी त्या बाईला उभं केलं, तिच्याखाली अर्धा सेकंद माझी बोटं जाईनात. कुंता दारात होती. नवे डॉक्टर होते. सगळ्यांनी बघितलं.

देवकाबाईनं दाराआड हात घातला आणि सूप काढलं. फुंकर मारून झटकलं. पदराच्या गाठीतून लुगड्याच्या पट्ट्या काढल्या. त्या तिनं घरूनच आणल्या होत्या. म्हणजे मी धरणार नाही हे तिला घरून निघतानाच माहीत होतं. तीन बोटांनी आणि दातांनी तिनं गाठी मारल्या. मी खोकल्याच्या गोळ्यांचा डबा उघडला, चकती पुसली आणि सहा वर्षांनी नळीच्या तोंडाशी बसवली. स्क्रू दोनदा खाली पडला.

आम्ही सगळे शिशाच्या आडोशामागे उभे राहिलो, एकमेकांना खेटून. काचेपलीकडे सुपात ती एवढीशी पोर. देवकाबाई काचेला नाक लावून तिच्या पोटाकडे बघत होती.

"हां."

फोटो थोडा फिका आला. त्यावरून कामट्यांच्या रेघा गेल्या होत्या. आणि त्या रेघांच्या मागे, उजव्या बाजूला वर, पांढरा डाग अगदी स्पष्ट होता. नव्या डॉक्टरांनी एकदाच बघितलं आणि पेनिसिलिन काढायला गेले. ती पोर जगली. तिचं नाव चंदा ठेवलं.

डॉक्टर गेल्यावर देवकाबाई पेटीजवळ आली. ओल्या फिल्मवरून पाणी गळत होतं. तिनं डागावर बोट ठेवलं, जी उरली होती त्यांतलं.

"हेच न ते?"

"हेच."

"साफ दिसून राह्यलं न?"

"साफ दिसते, बाई."

तिनं तो हात माझ्या तोंडासमोर धरला.

"मंग?" ती म्हणाली.